एकच यंत्र, दोन गन, दोन निकाल

हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत गाडीच्या दाराला हात लागताच बसणारा चटका सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो जाणवतो तेव्हा अंगावर साधारण ३,००० व्होल्टचा दाब साचलेला असतो. माणूस हात झटकतो आणि विसरतो. वीजमीटर, रुग्णालयातला मॉनिटर किंवा मोटारीतला कंट्रोलर मात्र त्याच ठिणगीने गोंधळू शकतो. म्हणून अशी यंत्रं बाजारात येण्याआधी प्रयोगशाळेत पिस्तुलासारख्या दिसणाऱ्या ‘ईएसडी गन’ने त्यांना मुद्दाम झटके दिले जातात. यंत्र तगलं तर पास, नाही तर फेल. अडचण अशी की एका गनखाली पास झालेलं यंत्र दुसऱ्या बनावटीच्या गनखाली, त्याच व्होल्टेजला फेल होऊ शकतं आणि दोन्ही गनचं कॅलिब्रेशन बिनचूक असतं. अशा वेळी चाचणी घेणाऱ्याच्या हातावर खापर फोडणं सोपं आहे. खरी फट मानकात आहे.

आयईसी ६१०००-४-२ हे मानक जगभर वापरलं जातं. माणसाच्या अंगाऐवजी १५० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि ३३० ओहमचा रोध, अशी त्याची मांडणी. ८ किलोव्होल्टच्या थेट स्पर्शाच्या झटक्यात प्रवाहाचं पहिलं टोक ३० अँपिअरचं हवं आणि तो ०.८ नॅनोसेकंदात चढायला हवा. पण २००८च्या आवृत्तीत टोकाला १५ टक्के आणि चढण्याच्या वेळेला २५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. म्हणजे एक गन २५.५ अँपिअरपर्यंत १ नॅनोसेकंदात चढते, दुसरी ३४.५ अँपिअरपर्यंत ०.६ नॅनोसेकंदात, आणि दोघीही नियमात बसतात. आता प्रवाह किती वेगाने चढतो ते बघा: दुसरीचा वेग पहिलीच्या सव्वादोन पट निघतो. यंत्रातल्या तारांच्या वेटोळ्यात उपटणारं व्होल्टेज याच वेगावर अवलंबून असतं. जुन्या, संथ सर्किटांना इतका क्षणिक धक्का कळतही नसे; आजच्या चिपना तो खरा सिग्नल वाटतो.

बरं, हे झालं मोजल्या जाणाऱ्या गोष्टींचं. कॅलिब्रेशनमध्ये गनचं टोक सपाट धातूच्या पत्र्यात बसवलेल्या मापन-टार्गेटला टेकवतात आणि फक्त तिथला प्रवाह पाहतात. गनच्या आतला रिले, तिची अंगबांधणी आणि दोन मीटरची अर्थिंगची पट्टी यांमुळे भोवतालच्या हवेत जे विद्युत-चुंबकीय क्षेत्र पसरतं, त्याला मानकात मर्यादाच नाही. प्लास्टिकच्या डब्यातल्या सर्किटला तेच क्षेत्र भोवतं. अमेरिकेत मिसुरीच्या विद्यापीठात डेव्हिड पॉमरेन्के आणि सहकाऱ्यांनी वेगवान सर्किटांवर निरनिराळ्या गन वापरून पाहिल्या, तेव्हा बिघाडाची पातळी गनगणिक बदलत गेली. हवेतून ठिणगी पाडण्याच्या चाचणीत तर टोक किती वेगाने जवळ आणलं आणि आर्द्रता किती, यावरही निकाल हलतो. म्हणूनच शक्य तिथे थेट स्पर्शाची चाचणी घ्या, असं मानकच सांगतं.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. निसर्गातल्या ठिणग्या तरी कुठे एकसारख्या असतात? मग गनकडूनच इतक्या काटेकोरपणाची अपेक्षा का? ठिणग्या एकसारख्या नसतात, हे खरंच. पण त्यासाठी यंत्रात राखीव ताकद ठेवायची असते. वजनं वेगवेगळी असतात म्हणून दुकानदाराच्या तराजूला सूट मिळत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा: मानक आवळलं की गन महागतील, छोटे उद्योजक भरडले जातील. ही भीती अगदीच पोकळ नाही. तरी आजच्या सैलपणाची किंमतही तेच मोजतात. एका प्रयोगशाळेत पास, ग्राहकाच्या प्रयोगशाळेत फेल, मग सर्किट बोर्डाची नव्याने आखणी आणि पुन्हा चाचणीची फी, हा फेरा पुण्या-नाशिकच्या लहान कारखान्याला एका चांगल्या गनपेक्षा स्वस्त पडतो, असं मानायला मी तयार नाही.

मानक बदलायला वर्षं लागतात, पण काही गोष्टी आजही करता येतात. चाचणी-अहवालात गनची बनावट, मॉडेल आणि कॅलिब्रेशनमध्ये प्रत्यक्ष मिळालेले आकडे छापावेत. नुसतं ‘मर्यादेत’ लिहून भागवू नये. यंत्र ८ किलोव्होल्टला टिकलं की थांबू नये. ते नेमकं कुठे कोलमडतं तिथपर्यंत नमुन्यावरचं व्होल्टेज चढवत न्यावं. ९ला कोलमडणारं आणि १५ला कोलमडणारं यंत्र आज कागदावर सारखंच दिसतं. मोटारीचे सुटे भाग आणि दूरसंचार उपकरणं यांना आपल्याकडे अशा चाचण्या द्याव्याच लागतात. तेव्हा खरेदीदार कंपन्यांनी आणि सरकारी खात्यांनी निविदेतच हे तपशील मागावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, निविदेत दोन ओळी वाढवाव्या लागतात.