भुताला किती गुण?

पेपर तपासून तपासून गोष्टींनाही गुण देण्याची खोड जडते. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सच्या ‘द मंकीज पॉ’ (१९०२) या इंग्रजी भयकथेला विद्यार्थिदशेत मी दहापैकी चारच गुण दिले होते. भूत दिसतच नाही, ही तक्रार!

हिंदुस्थानातून आलेला माकडाचा वाळका पंजा तीन इच्छा पुरवतो. बाप २०० पौंड मागतो. मिळतात, पण यंत्रात सापडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून. आईच्या हट्टापायी तो मुलाला परत मागतो. रात्री दारावर थाप! आई कडी काढायला धावते. बापाने मात्र ते छिन्नविच्छिन्न प्रेत पाहिलेले असते; तो तिसरी इच्छा पुटपुटतो. दार उघडते, तर रस्ता ओस.

गेल्या पावसाळ्यात आमचे चिरंजीव रात्री दीडपर्यंत परतले नाहीत, फोनही लागेना. कडी वाजली तशी सौ. धावली. माझे पाय मात्र उठेनात. दारात कोण असेल, चिरंजीव की कुणी निरोप घेऊन आलेला? चिरंजीवच होते, चिंब भिजलेले.

वाचकहो, भूत दाखवणारी गोष्ट पुस्तक मिटले की संपते. आपल्या माणसापायी वाटते, तेच खरे भय. त्या रात्री मी चाराचे नऊ केले. दहावा गुण? तो मास्तर कुणालाच देत नसतात!