तोंड किती उघडते?

हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही तीन बोटे एकमेकांना चिकटवून उभी धरा आणि वरच्या व खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये घालून पाहा. बोटे स्वतःचीच हवीत, दुसऱ्याची नव्हेत. तिन्ही सहज मावली तर अल्हम्दुलिल्लाह. दोनच मावत असतील तर डॉक्टरांकडे जायला हवे. आणि घरातल्या शाळकरी मुलाची दोनच मावत असतील, तर हा अंक बाजूला ठेवा आणि आधी त्याचा खिसा पाहा.

आम्ही डॉक्टर नाही, वर्गात शिकवणारी माणसे आहोत. पण शिक्षकासमोर रोज चाळीस-पन्नास तोंडे उघडतात, आणि उर्दूचा तास असला तर जरा जास्तच उघडावी लागतात. नववीतला एक मुलगा उभे राहून वाचायचे टाळू लागला. आधी चांगला वाचायचा. आता शब्द ओठांच्या आतच फिरत. आईला बोलावले तर ती म्हणाली, "सालन को हात नहीं लगाता, तीखा लगता बोलता. दूध-रोटी खाता बस. पेट की गर्मी है, दही दे रही हूँ." पोटात गर्मी नव्हती. दप्तराच्या आतल्या कप्प्यात गोड सुपारीच्या रिकाम्या पुड्या होत्या. तंबाखू एका पुडीतही नव्हता, आणि आईला त्याचाच दिलासा वाटला.

हा दिलासा खोटा आहे. या आजाराला डॉक्टर सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. 1952 साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी तो पहिल्यांदा नोंदवला तो पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय बायकांमध्ये. त्याचे मुख्य कारण तंबाखू नसून सुपारी आहे, हे पुढे स्पष्ट झाले. सुपारीतल्या अर्कामुळे गालाच्या आतल्या नरम कातडीखाली चिवट धागे जास्त तयार होतात, आणि तयार झालेले धागे विरघळेनासे होतात. सुपारीतले तांबे त्यांना आणखी कडक करते. जखम भरल्यावर जसा कडक व्रण राहतो, तसा सगळा गालच आतून व्रणासारखा होत जातो. आधी तिखट झोंबते. मग तोंडात कोरड पडते, वारंवार फोड येतात, गालाची आतली बाजू फिकट, संगमरवरासारखी दिसू लागते. बोट फिरवले तर दोरीसारखे ताणलेले पट्टे लागतात. मग जीभ पूर्ण बाहेर येत नाही, शिट्टी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही. तोंड आखडते ते शेवटी.

म्हणूनच आम्ही सांगतो की तिखटाच्या तक्रारीकडे लक्ष द्या. आपल्या परभणी-जिंतूर-पाथरीकडच्या घरात ठेच्यावर वाढलेले पोर अचानक साध्या डाळीलाही "जळते" म्हणू लागले, तर ती चवीची गोष्ट नसते.

सुपारी स्वतःच कर्करोग करणारी आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये जाहीर केले. आखडलेल्या तोंडात हा धोका आणखी वाढतो. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा 66 रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले, त्यांपैकी पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला. शंभरात सात-आठ, असा हा हिशेब.

महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाला यांवर जुलै 2012 पासून बंदी आहे, पुढे सुगंधी सुपारीही तिच्यात आली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री चालत नाही, हा कायदा त्याआधीचा, 2003 चा. कायद्याचे शाळेच्या कोपऱ्यावर काय होते ते तुम्हीही पाहता, आम्हीही पाहतो. पण टपरीवाल्याला दोष देण्याआधी आपल्या मंगनीतले तबक आठवा. पानसुपारी फिरते, मुले मूठ भरून घेतात आणि सगळे हसतात. बडीशेप ठेवली तर कोणाची इज्जत कमी होत नाही.

आता दादी-नानींची गोष्ट, म्हणजे मिसरी. दातांना चांगली, दुखणे थांबते, पोट साफ होते अशी तिची कीर्ती आहे. मिसरी म्हणजे भाजून काळा केलेला तंबाखू. ज्या हिरडीवर ती रोज दाबली जाते, तिथेच पांढरा चट्टा उठतो. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल मखमली चट्टा हा तोंडातला सगळ्यात महत्त्वाचा इशारा आहे, कारण तो दुखत नाही. दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही. गरोदर सुनेला मळमळ थांबायला मिसरी लावायला सांगणाऱ्या घरांनी पोटातल्या बाळाचाही विचार करावा.

तंबाखू हराम की मकरूह, हा वाद उलमांनी सोडवावा, आमचा तो अधिकार नाही. पण कच्चा लसूण-कांदा खाऊन मशिदीत येऊ नये अशी ताकीद प्रेषितांनी (स.) दिली, मिस्वाकची एवढी आवड धरली, हे आपण सगळे जाणतो. वुजूत दिवसातून पाच वेळा आपण कुल्ली करतो. जगात फार थोडी माणसे एवढ्या वेळा तोंड धुतात. त्यातल्या आठवड्यातल्या एका कुल्लीनंतर, जुम्याच्या म्हणा, आरशासमोर उजेडात उभे राहा. ओठ उलटा करून पाहा, गाल बोटाने ओढून पाहा, जीभ उचलून खाली पाहा, दोन्ही बाजूंना वळवून पाहा. दोन मिनिटांचे काम आहे. तोंड आलेले साधारण दहा-चौदा दिवसांत भरते. दोन आठवड्यांनंतरही न भरलेली जखम दाखवलीच पाहिजे, मग ती दाताच्या टोकाने झालेली का असेना.

घशाचे थोडक्यात सांगतो. सर्दी-खोकल्याबरोबर आलेली घसादुखी बहुतेक वेळा आपोआप जाते. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या, भरपूर पाणी, विश्रांती एवढे पुरते. मेडिकलवरून दोन दिवसांच्या गोळ्या आणण्याची गरज नाही. मात्र खोकला नाही, ताप जोराचा, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, गळ्याच्या गाठी दुखतात, असे मूल डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी दिलेले औषध बरे वाटले तरी पूर्ण संपवा. हा घसा अर्धवट सोडला तर काही मुलांना पुढे सांधे सुजून ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. घशात राखाडी पापुद्रा, मान सुजलेली, श्वासाला आवाज, थुंकीही गिळता येत नाही, यांतले काहीही दिसले तर घरी थांबू नका, तो घटसर्प असू शकतो. त्याची लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची, मग दीड-दोन वर्षांची, पाच-सहा वर्षांची, आणि दहा व सोळा वर्षांची असते. शेवटच्या दोन शाळेत होतात आणि नेमक्या त्याच दिवशी काही मुले गैरहजर असतात. मोठ्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

आखडलेल्या तोंडाकडे परत येतो. पूर्वीसारखे तोंड बहुधा होत नाही, पण लवकर सुपारी सुटली तर आखडणे थांबते आणि थोडे उघडतेही. डॉक्टर गालात इंजेक्शने देतात, गोळ्या देतात, फार आखडल्यास शस्त्रक्रिया करतात. रोजचा व्यायाम हा त्याचा निम्मा इलाज असतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि डॉक्टर सांगतील तशी हळूहळू एकेक वाढवायची. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात दात-तोंडाची तपासणी होते. पुढच्या इलाजासाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. कर्करोगाचे निघाले तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत इलाज बसतो. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

सोडता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो की रमजानमध्ये तेरा-चौदा तास कसे निघतात? इफ्तारला खजुरीनंतर लगेच पुडी फाडणारे पाहिले आहेत, पण तेरा तास त्यांनीच काढलेले असतात. पहिले चार-पाच दिवस डोके जड राहते, चिडचिड होते. तेव्हा खिशात बडीशेप ठेवावी. सरकारच्या 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर तंबाखू सोडायला मदत मिळते. आमच्या त्या मुलाच्या काड्यांची चळत आता दोन बोटांपासून अडीचपर्यंत आली आहे, आणि त्याची आई ती मोजते.