सांडपाण्याचे शुद्धीकरण आणि विजेचे बिल

नदी-प्रदूषणाविषयी आपल्याकडे होणारी चर्चा बहुधा शुद्धीकरण केंद्राच्या उद्घाटनापाशी येऊन थांबते. केंद्र बांधून झाले, कोनशिला बसली, की प्रश्न सुटला असे मानण्याची प्रथा पडली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेले आकडे या समजुतीला धक्का देणारे आहेत. देशाच्या नागरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते. ते शुद्ध करण्यासाठी उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरांची होती. आणि प्रत्यक्षात शुद्ध होणारे पाणी होते अवघे २०,२३६ दशलक्ष लिटर. पहिल्या दोन आकड्यांतील तफावतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला अधिक अस्वस्थ करतो तो दुसऱ्या व तिसऱ्या आकड्यांमधील फरक. यंत्रे बसलेली आहेत, त्यांवर पैसा खर्च झालेला आहे, आणि तरीही क्षमतेचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग निरुपयोगी पडून आहे.

याचे एक कारण सर्वश्रुत आहे. केंद्र आधी उभे राहते आणि त्याच्यापर्यंत मैलापाणी आणणारी गटारे मागाहून, किंवा कधीच, येत नाहीत. दुसरे कारण मात्र फारसे कोणी उच्चारत नाही. ते म्हणजे विजेचे बिल.

मैलापाणी शुद्ध करण्याची आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सिद्ध केली. पाण्यातील घाण जिवाणूंनी खावी आणि त्या जिवाणूंना श्वसनासाठी आपण हवा पुरवावी, असे तिचे साधे सूत्र आहे. पण प्राणवायू पाण्यात सहजासहजी विरघळत नाही. पाणी जितके कोमट तितका तो आणखी कमी विरघळतो. त्यामुळे प्रचंड ब्लोअर लावून रात्रंदिवस हवा कोंबत राहावे लागते. केंद्राला लागणाऱ्या एकूण विजेपैकी साधारण निम्मी वा त्याहून अधिक वीज या एकाच कामात खर्ची पडते. हजार लिटरांमागे पाव युनिट आणि युनिटला ८ रुपये असा ढोबळ हिशेब धरला, तरी दररोज १०० दशलक्ष लिटर पाणी हाताळणाऱ्या केंद्राला दिवसाला २५,००० युनिटे लागतील, आणि वर्षाचे बिल ७ कोटी ३० लाख रुपयांच्या घरात जाईल. जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला. आता अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलेल्या नगरपालिकेला असले बिल दरमहा, न चुकता भरावयाचे असते.

ब्लोअर बंद ठेवला तर काय होते? शहरात काहीच होत नाही. नळाला पाणी येते, रस्त्यावरचे दिवे लागतात, कोणी मोर्चा आणत नाही. परिणाम भोगतो तो नदीच्या खालच्या अंगाचा माणूस. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनी धरणात जाते आणि सोलापूर शहर त्याच धरणाचे पाणी पिते, हे ध्यानात घेतले म्हणजे वर्गात ज्याला आम्ही ‘बाह्य परिणाम’ असे रुक्ष नाव देतो त्याचा अर्थ स्पष्ट होतो. बचत एकाची, भुर्दंड दुसऱ्याला, आणि दोघांचे मतदारसंघ वेगळे! अशा स्थितीत केवळ सदिच्छेवर विसंबून केंद्र चालत राहील अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. शिवाय राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये केंद्रांसाठी अधिक कडक मानके उचलून धरली. ती योग्यच आहेत. पण पाणी जितके अधिक निर्मळ करावयाचे तितकी वीज अधिक, याचा विचार मानके ठरवताना कोणी केल्याचे दिसत नाही.

दोष केवळ नगरपालिकांचा आहे काय? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. खरा दोष पैशाच्या वाटणीत आहे. बांधकामाचा भांडवली खर्च मुख्यतः केंद्र व राज्य सरकारच्या अनुदानातून भागतो. चालू खर्च स्थानिक संस्थेच्या माथी. निविदा उघडताना पाहिला जातो तो प्रामुख्याने बांधकामाचा आकडा. ज्या ठेकेदाराने स्वस्त आणि वीजखाऊ यंत्रे बसविली त्याला काम मिळते, आणि तो निघून गेल्यावर पुढील पंचवीस वर्षे त्याच्या स्वस्ताईची किंमत दुसरेच कोणी मोजत बसते. हे बदलता येते, याचा दाखला गंगेच्या काठी सापडतो. ‘नमामि गंगे’ योजनेखाली २०१७ पासून वाराणसी व हरिद्वार येथील केंद्रांसाठी जे करार झाले, त्यांत ठेकेदाराला भांडवलापैकी ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात आणि उरलेली ६० टक्के पंधरा वर्षे केंद्र चालवीत असताना मिळण्याची तरतूद आहे. ज्याला पंधरा वर्षे तेथेच राहावयाचे आहे, तो यंत्र निवडताना चार वेळा विचार करतो.

तांत्रिक उपाय नाहीत असे मुळीच नाही. पृष्ठभागावर पाणी उडविणाऱ्या जुन्या पंख्यांऐवजी तळाशी बारीक बुडबुडे सोडणारी सच्छिद्र तबकडी बसविली, तर तेवढ्याच विजेत कितीतरी अधिक प्राणवायू विरघळतो. पहाटे तीन वाजता शहर झोपलेले असते, मैलापाणी निम्म्यावर आलेले असते. ब्लोअर मात्र सकाळी आठच्याच वेगाने फिरत राहतो. पाण्यातील प्राणवायू मोजून वेग कमी-जास्त करणारी साधने आज दुर्मीळ राहिलेली नाहीत. छपरावर सौर तावदाने बसवून छायाचित्रे काढण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे; तिला विरोध नाही, पण उधळपट्टी तशीच ठेवून तिला सूर्याची वीज पुरविणे यात कसला आला शहाणपणा?

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मैलापाण्यात स्वतःचीच ऊर्जा असते. हवेविना गाळ कुजवला की मिथेन मिळतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ साली अशा वायूवर दिवे लावले गेले होते. अलीकडच्या काळात सुरत आणि चेन्नई येथील केंद्रांनी गाळाच्या वायूवर वीज निर्माण करून आपल्या गरजेचा मोठा हिस्सा भागविला. ऑस्ट्रियातील स्ट्रास येथील केंद्र तर २००५ पासून स्वयंपूर्ण आहे. हवेविना शुद्धीकरणाचा प्रयोग कानपूरच्या जाजमऊ येथे डच साहाय्याने १९८९ मध्येच झाला होता. त्या पद्धतीने पाणी पुरेसे स्वच्छ होत नाही, पुढे आणखी एक टप्पा लागतो, हे खरे. आणि वायू न साठवता मोकळा सोडला तर तापमानवाढीला तो कार्बन डायऑक्साइडहून कितीतरी पटींनी हातभार लावतो, हेही खरे. तथापि या अडचणी व्यवस्थेच्या आहेत.

लहान गावांचा हिशेब निराळा आहे. जेथे जमीन स्वस्त आणि वीज महाग, तेथे यंत्राऐवजी जमीन वापरावी, हा प्राथमिक पाठ आहे. उथळ तळ्यांत सूर्यप्रकाशावर शेवाळ वाढते आणि जिवाणूंना लागणारा प्राणवायू तेच पुरवते. पूर्व कलकत्त्याच्या सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळीत महानगराचे सांडपाणी याच रीतीने निवळते आणि वर मासळीही देते. २००२ साली तिला रामसर यादीत स्थान मिळाले. आपल्याकडील तालुक्याच्या गावाने मात्र महानगराची यंत्रे मागवावीत आणि ती गंजू द्यावीत, असा परिपाठ आहे.

शुद्ध केलेल्या पाण्याला गिऱ्हाईक मिळाले म्हणजे चित्र पालटते. नागपूरच्या भांडेवाडी केंद्रातून दररोज सुमारे १३० दशलक्ष लिटर पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पुरविण्याची व्यवस्था उभी राहिली. जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने तर ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांवर असे पाणी वापरण्याचे बंधनच घातले. पाणी विकले जाते तेथे ब्लोअर बंद राहिला तर गिऱ्हाईक त्याच दिवशी दूरध्वनी करते. नदीला ती सोय नाही.

मुंबईत जानेवारी २०२३ मध्ये सात केंद्रांचे भूमिपूजन झाले. त्यांची एकत्रित क्षमता सुमारे २,४६० दशलक्ष लिटर, खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये. वरचाच ढोबळ हिशेब लावला तर त्यांना दिवसाला सहा लाखांहून अधिक युनिटे, म्हणजे वर्षाला सुमारे १८० कोटी रुपयांची वीज लागेल. हजार लिटरांमागे किती युनिटांची हमी ठेकेदाराने दिली आहे, हमी मोडल्यास दंड कोणाला, आणि गाळाच्या वायूचे काय होणार, ही माहिती केंद्रागणिक दरमहा नगरसेवकांपुढे व वृत्तपत्रांत आली पाहिजे. राज्य सरकारनेही यापुढील प्रत्येक अनुदानाचा निदान शेवटचा तिसरा हिस्सा शुद्ध झालेल्या पाण्याच्या मोजमापाशी बांधावा, आणि हे मोजमाप नदीच्या खालच्या अंगाच्या गावाला पाहता यावे.