निनावी खबरीचा पूर

सांगलीला पावसाळ्यात पाण्याची खबर मिळवण्याचे ठिकाण म्हणजे आयर्विन पूल. १९२९ सालच्या या पुलावर ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे सांगलीतल्या पोरालाही ठाऊक. शंका आली की माणूस छत्री घेऊन पुलावर जाई, पाणी पाही आणि घरी येऊन सामान माळ्यावर टाकी. हल्ली खबर घरबसल्या मिळते. आणि इतकी मिळते की पाणी कुठवर आले तेवढेच कळत नाही!

‘कोयनेतून इतके हजार क्युसेक सोडले, सावध राहा!’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत असतो. ना तारीख, ना वेळ, ना लिहिणाराचे नाव. आकडा खोटाच असतो असे नव्हे. पुष्कळदा तो खरा असतो, पण गेल्या सालचा. निव्वळ खोट्यापेक्षा हे वाईट, कारण खोटे केव्हातरी उघडे पडते. बरे, आकडा आजचा असला तरी काय? कोयना कृष्णेला मिळते कऱ्हाडला, वारणा मिळते हरिपुराशी; मधल्या मुलखात पाऊस किती झाला, हे त्या एका ओळीत कुठून यावे? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेले. अशा वेळी घर सोडायचे की थांबायचे, हे खबरीवर ठरते.

‘खरे असले तर? म्हणून पाठवले,’ असा यावर बचाव असतो. बचाव करणारे अडाणी नसतात. निवृत्त मास्तर, बँकेतले साहेब आणि (रागावू नये) आपल्या मावश्या-काकवाच असतात. हे ‘असले तर’ किती महाग पडते? सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावी उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुले पळवणारे समजून मारहाण झाली. त्यापूर्वी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला याच अफवेने पाच भिक्षेकऱ्यांचे प्राण घेतले. अशी अफवा पुढे ढकलणारांच्या गावीही नसते की हातून काय झाले.

सरकारी खातीही धुतल्या तांदळासारखी नाहीत. त्यांचा आकडा उशिरा आला की मधली पोकळी एखादा उत्साही भाचा भरून काढतो.

आणि याच कृष्णेच्या काठी, वर सातारा जिल्ह्यात, वाई आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली मराठी विश्वकोश तिथे तयार झाला. पहिला खंड १९७६ चा; विसावा यायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. या सावकाशीची आपण थट्टा केली. पण नोंद संपली की खाली लिहिणाराचे नाव असते. चूक निघाली तर कान कोणाचा धरायचा हे छापलेलेच आहे! आज तो मोबाईलवर फुकट उघडतो. उघडतो कोण?

आमच्या घरच्या गटात निनावी मजकूर आला की मी दोनच प्रश्न विचारतो : केव्हाचा? आणि कोणी मोजला? धाकटी मंडळी हसतात. थोरल्या काकूंनी मात्र बोलणे टाकले आहे. यंदा त्यांच्याकडच्या चकल्या आल्या नाहीत.