प्रकाशाची मर्यादा व आमचे शंकेखोर

आज जें अशक्य तें उद्यां शक्य होईल, या आशेवर प्रकाशाची वेगमर्यादा मोडूं पाहणाऱ्या विद्वानांस आमचा एकच प्रश्न आहे : ऊर्जा कोठून आणणार ? १९६४ सालच्या प्रयोगांत बर्टोझी यांनीं अमेरिकेंत इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ३० पट वाढवून वेग मोजला. न्यूटनच्या हिशेबानें तो ५ पटींहून अधिक व्हावयास हवा होता. प्रत्यक्षांत तो सेकंदास सुमारें ३ लाख किलोमीटरांपुढें सरकला नाहीं. वस्तुमान असलेल्या कणास ती सीमा गांठण्यास अनंत ऊर्जा लागते. ती कोणती यंत्रशाळा देणार? २०११ सालीं न्यूट्रिनोंनीं प्रकाशास मागें टाकल्याचा गवगवा झाला. मुख्य दोष अखेर प्रकाशतंतूच्या सैल जोडणींत निघाला. शंका अवश्य घ्यावी. पण मोजमाप झाल्यावरही ती कवटाळून बसणें ही शास्त्रबुद्धि नव्हे, हें आम्ही स्पष्ट सांगतों.