मोडी, मोदी आणि लाल पेन



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त आहे भांडणाचं. मागच्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला नात्यातला एक मुलगा (जाहिरात क्षेत्रात आहे, पगार उत्तम) मला म्हणाला, "आजी, ते कीवर्ड तपासणं वगैरे आता जुनं झालं. सगळं मशीन बघतं. आपण फक्त बजेट टाकायचं आणि विसरून जायचं." पंगतीत भांडू नये असे आमच्यावर संस्कार, म्हणून जिलबी खाऊन गप्प बसले. उत्तर इथे देते.

सत्तरी उलटलेल्या, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईला कीवर्डमधलं काय कळतं, असं काही जणांच्या मनात येईलच. तर त्याची गोष्ट अशी.

माझी भाची साताऱ्याला असते. ती मोडी लिपीचा ऑनलाइन वर्ग घेते. सहा आठवडे, फी १,५०० रुपये. इंटरनेटवर कुणी काही शोधलं की वर जाहिराती दिसतात ना, तशी तिने जाहिरात दिली होती. त्यात दिसण्याचे पैसे नसतात, कुणी क्लिक केलं की पडतात. हे काम तिने एका एजन्सीकडे सोपवलं होतं. तीन महिन्यांत १८,४०० रुपये गेले आणि विद्यार्थी आले पाच. म्हणजे ७,५०० मिळाले. दिवाळीत माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "आत्या, बंद करते गं आता. मोडी कुणाला शिकायचीच नाहीये. नोकरी बघते."

मी विचारलं, "लोक नेमकं काय शोधत होते, तेव्हा तुझी जाहिरात दिसत होती?"

तिला सांगता येईना. एजन्सी दर महिन्याला रंगीत वर्तुळांचा अहवाल पाठवायची. इतक्या लोकांना दिसली, इतक्या जणांनी दाबली. शब्द त्यात एकही नव्हता. मी म्हटलं, मला शब्द दाखव. मग तिने एजन्सीकडून खातं मागून घेतलं, त्यातला 'सर्च टर्म्स' नावाचा तक्ता छापून आणला आणि मी लाल पेन घेऊन बसले. आयुष्यभर पेपर तपासले, हे काम काही वेगळं नव्हतं.

पहिल्याच पानावर हसू आलं आणि मग पोटात गोळा आला. बहुतेक लोक रोमन लिपीत टाइप करतात. रोमनमध्ये 'ड' आणि 'द' दोन्हींना एकच अक्षर. म्हणजे आमची मोडी आणि पंतप्रधान मोदी एकच झाले! मोदींचं भाषण, मोदींची योजना, मोदींचं वय शोधणाऱ्यांना आमच्या वर्गाची जाहिरात दिसत होती. त्यातले काही जण कुतूहलाने क्लिक करत होते आणि प्रत्येक क्लिकला भाचीचे सात-आठ रुपये जात होते. तीन महिने हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कुणी वाचलंच नाही.

दोन संध्याकाळी बसून आम्ही चार गठ्ठे केले. पहिला, शिकायचं असणारे. दुसरा, मोडीचा फॉन्ट किंवा फुकट पुस्तक हवं असणारे. तिसरा, राजकारणवाले. आणि चौथा गठ्ठा बघून मी चष्मा काढून पुन्हा लावला. त्यात लोक शोधत होते, 'जुने मोडी कागद वाचून देणारे', 'कुणबी नोंद मोडी'. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं, जुनी दप्तरं उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज वाढली. या लोकांना वर्ग नको होता. आजोबा-पणजोबांचा कागद वाचून हवा होता. ते बिचारे जाहिरात दाबून वर्गाच्या पानावर येत आणि परत जात. भाची म्हणत होती मोडी कुणाला नको. गिऱ्हाईक दारात उभं होतं, आपण त्याचं बोलणं ऐकत नव्हतो.

आता माझा मुख्य मुद्दा. कीवर्ड म्हणजे आपण ठरवलेला शब्द. सर्च टर्म म्हणजे माणसाने प्रत्यक्ष टाइप केलेलं वाक्य. या दोहोंत अंतर असतं आणि ते अंतर वाढतच चाललं आहे. गूगलच्या जाहिरातींत शब्द चौकोनी कंसात टाकला तर 'नेमका हाच' आणि अवतरणचिन्हांत टाकला तर 'हा शब्दसमूह असलेला', अशी सोय आहे. (विरामचिन्हांना इतकी किंमत आलेली बघून मला किती बरं वाटलं असेल!) पण २०१४ पासून अनेकवचन आणि स्पेलिंगच्या चुका आपोआप धरल्या जाऊ लागल्या. २०१८ पासून तर चौकोनी कंसातल्या शब्दालाही 'त्याच अर्थाचा' दुसरा शब्द चालतो. अर्थ तोच आहे हे ठरवणार कोण? यंत्र.

गंमत पुढे आहे. नको असलेले शब्द कळवायची सोय असते, त्यांना निगेटिव्ह कीवर्ड म्हणतात. तिथे मात्र समानार्थी शब्द चालत नाहीत. 'योजना' नको म्हटलं तर 'स्कीम' थांबत नाही, तो वेगळा लिहावा लागतो. म्हणजे आपले पैसे खर्च करताना अर्थ सढळ आणि वाचवताना शब्द न् शब्द काटेकोर! शिवाय सप्टेंबर २०२० पासून, पुरेशा लोकांनी शोधलेल्याच सर्च टर्म तक्त्यात दाखवल्या जातात. बाकीच्यांवर झालेला खर्च एकूण आकड्यात दिसतो, शब्द दिसत नाही. वाण्याने बिल द्यावं आणि खाली 'इतर जिन्नस' म्हणून मोठी रक्कम लिहावी, तर आपण देऊ का? मग इथे का देतो?

"पण मशीन शिकतं ना!" शिकतं. हे मी नाकारत नाही. कोण माणूस, कुठे, किती वाजता शोधतोय हे बघून क्षणात बोली लावणं मला किंवा भाचीला जमणार नाही. पण ते शिकतं कशावरून? आपण 'यश' म्हणून जे दाखवतो त्यावरून. एजन्सीने व्हॉट्सॲपचं बटण दाबलं की यश, असं लावून ठेवलं होतं. मग यंत्राने इमानेइतबारे बटणं दाबणारे लोक शोधून आणले. फी भरणारे त्याला कुणी मागितलेच नव्हते. चुकीची उत्तरसूची हातात दिली तर हुशार परीक्षकही चुकीचेच गुण देणार.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही उत्साहाने सगळेच शब्द कापाल. भाची पहिल्या आठवड्यात तेच करायला निघाली होती. वीस क्लिक झाले, कुणी आलं नाही, काढून टाक! मी थांबवलं. एका घटक चाचणीवरून मुलगा नापास ठरवतात का? आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, शंभर क्लिकला सरासरी दोन विद्यार्थी येत असतील, तर पन्नास क्लिकमध्ये एकही न येण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते. म्हणजे चांगला शब्दही कधी कधी रिकाम्या हाताने येतो. अर्थच चुकीचा असेल तर पहिल्या दिवशी कापा. अर्थ बरोबर असेल तर धीर धरा.

आता दर सोमवारी सकाळी ती अर्धा तास तक्ता वाचते. नको ते शब्द बंद करते, नवे चांगले शब्द वेगळे काढते. कागद वाचून देण्यासाठी तिने वेगळं पान आणि वेगळी जाहिरात केली. 'मोडि' असं ऱ्हस्व लिहिणारे लोकही आम्ही ठेवले आहेत. ते लाल पेनाने कापताना माझा हात थरथरला, पण चुकीचं लिहिणाऱ्यालाच तर शिकायचं असतं!

पुढच्या तीन महिन्यांत खर्च ९,००० आणि विद्यार्थी १७. कागद वाचण्याचं काम वेगळंच. नोकरीचा विषय सध्या निघत नाही.

म्हणून त्या पंगतीतल्या मुलाला सांगते, बाळा, कीवर्ड हा आधी भाषेचा विषय आहे, मग यंत्राचा. लोक काय म्हणताहेत ते वाचायचा कंटाळा आला, की त्याला 'जुनं झालं' म्हणायचं, एवढंच तू केलंस. दुसऱ्याच्या पैशावर विसरून जाणं सोपं असतं.

असो. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, सून, भाचा अशा जाहिराती देत असेल, तर आज रात्री जेवताना एवढंच विचारा, "लोकांनी काय टाइप केलं होतं?" सांगता आलं नाही, तर लाल पेन माझ्याकडे आहे.