मुलीने उमेदवारी कुठे करायची?

परवा रविवारी आमच्याकडे कौटुंबिक परिषद भरली होती. विषय होता पुतण्याच्या मुलीची नोकरी. खरं तर नोकरीही नाही, उमेदवारी. नुकतीच बी.कॉम. झालेली आमची ही नात मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एका मोठ्या गोदामात शिकाऊ उमेदवार म्हणून निवडली गेली आहे. एक वर्ष मुदत आणि दरमहा विद्यावेतन. शिकायचं काय, तर आलेला माल मोजून घेणं, स्कॅन करून जागेवर लावणं, कोणता माल कोणत्या गाडीत आणि कोणत्या क्रमाने भरायचा ते ठरवणं, ई-वे बिल काढणं. पत्र आल्यापासून पोरगी खूष आहे आणि आम्ही मोठी माणसं गप्प.

"गोडाऊनमध्ये? तिथे सगळे हमाल आणि ड्रायव्हर!" ही पहिली प्रतिक्रिया माझ्या धाकट्या जावेची, म्हणजे तिच्या सख्ख्या आजीची. पुतण्या म्हणाला, "काकू, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा द्यायला सांगा तिला. तुमचं ऐकेल ती." मी "विचार करून सांगते" म्हटलं आणि चहा टाकायला उठले. तो विचार आता इथेच लिहिते, म्हणजे पुण्या-मुंबईच्या मंडळींनाही एकदमच कळेल.

मालाच्या धंद्यात बाई नसते असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. लासलगाव-पिंपळगावकडे कांद्याच्या खळ्यावर जाऊन बघा. कांदा निवडायला, लहान-मोठा वेगळा करायला ओळीने बायका बसलेल्या असतात. द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कात्रीने खराब मणी काढणं, वजन करून डबे भरणं हे बहुतेक बायकांचंच काम. तिथपर्यंत माल बायकांच्या हातून जातो. पण कंटेनरचं दार उघडलं की चित्र बदलतं. भरणारे पुरुष, पावती करणारा पुरुष, गाडी उरणच्या बंदराकडे नेणारा पुरुष. जिथून पुढे कामाला हुद्दा आणि बढती आहे, नेमकी तिथे बाई थांबते. ओझ्याचं कारण म्हणावं तर पाण्याचे हंडे आणि सरपणाच्या मोळ्या आजवर कोणी वाहिल्या?

माझ्या मते कारण शिकण्याच्या पद्धतीत आहे. ट्रक चालवायला माणूस शिकतो कसा? पोरगा क्लीनर म्हणून गाडीवर लागतो. उस्तादाबरोबर हिंडतो, टायर बदलतो, ताडपत्री बांधतो, रात्री केबिनमध्येच झोपतो, आणि दोन-चार वर्षांत एखाद्या मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हाती स्टिअरिंग देतो. द्वारकेच्या ट्रान्सपोर्ट कचेऱ्यांतही तेच. चहा आणणारा पोरगा बघून बघून बिल्टी लिहायला शिकतो आणि पुढे कधी स्वतःची कचेरी थाटतो. याला ना अर्ज लागतो, ना प्रमाणपत्र. पद्धत वाईट नाही, पण मुलगी तिच्यात शिरणार कुठून? कोणता बाप मुलीला क्लीनर म्हणून गाडीवर पाठवेल? मी तरी पाठवलं असतं का?

म्हणून कागदावरच्या उमेदवारीला मी महत्त्व देते. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ठरावीक प्रमाणात उमेदवार घ्यावेच लागतात. २०१६ पासून केंद्र सरकार विद्यावेतनातला काही वाटाही उचलतं. मुलाला दोन दारं आहेत, उस्तादाचं आणि कायद्याचं. मुलीला हे एकच आहे, आणि तेच आपण घरात बसून लावून घेत होतो.

या दाराने गेलेली बाई आपण पाहिलेली आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन त्यांनी रेल्वेची परीक्षा दिली आणि कल्याणच्या प्रशिक्षण केंद्रात शिकून १९८९ मध्ये सहायक चालक झाल्या. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं. सुरुवात मात्र मालगाडीपासून होती. पुढे लोकल, मग २०१० पासून घाटातल्या गाड्या. आपल्या इगतपुरी-कसाऱ्याचा घाट, जिथे चढाला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. १३ मार्च २०२३ ला त्यांनी सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या हुशारीबद्दल वादच नाही. पण एखाद्या उस्तादाने कृपा करून इंजिनात घ्यावं म्हणून त्या थांबल्या असत्या तर? परीक्षा होती, यादी होती, प्रशिक्षणाची जागा होती, म्हणून ती हुशारी रुळावर आली.

एसटीचंही तसंच. पहिल्या महिला चालक २०२३ साली रस्त्यावर आल्या. अवजड गाडीचा परवाना मिळायला आधी हलक्या गाडीचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो. ज्या घरात मुलीच्या हाती कधी मोटार दिलीच नाही, तिथे तो यायचा कुठून? महामंडळाने निवडून, शिकवून तयार केल्या, तेव्हा हे जमलं.

आता एक कबुली. १९८८ च्या सुमाराची गोष्ट. माझ्या दहावीच्या वर्गात एका ट्रकचालकाची मुलगी होती. भूगोलात पहिली. कोणत्या गावाहून कोणता माल कुठे जातो, वाटेत जकात नाके किती, हे तिला तोंडपाठ. वडिलांचा हिशेब तीच ठेवायची. एकदा म्हणाली, "बाई, मला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम शिकायचंय. तुम्ही वडिलांना सांगाल का?" मी काय म्हटलं असेल? "अगं, तिथे मुली असतात का? शिवणाचा क्लास लाव." तिने लावला. वर्षभरात लग्न झालं. ती सुखात असेल, मला ठाऊक नाही. पण तिने मला दार उघडायला सांगितलं होतं आणि मी ते लावलं, एवढं मला ठाऊक आहे.

जावेची भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. कित्येक इंजिनांत अजून स्वच्छतागृह नाही, ही महिला रेल्वेचालकांची तक्रार आहे. गोदामात तरी बाईसाठी ते डॉकजवळ आहे, की चार इमारती सोडून पलीकडे? दुसरी पाळी संपल्यावर घरी सोडायला गाडी आहे का? तुकडीत आणखी मुली आहेत, की फोटोत दिसायला एकच? एकटीला जेवायला बसायचीसुद्धा पंचाईत होते. आणि मुख्य म्हणजे तिला गाडी भरण्याचं काम पाळीपाळीने शिकवणार, की 'मुलगी आहे' म्हणून वर्षभर संगणकावर आकडे भरायला बसवणार? तसं झालं तर उमेदवारी कागदावरच राहिली. शिवाय वर्ष संपल्यावर नोकरी मिळेलच असंही नाही, हेही तिला आत्ताच सांगायला हवं.

तेव्हा माझं मत असं. तिने जावं. जाण्याआधी हे प्रश्न तिने स्वतः, सरळ, तिथल्या साहेबांना विचारावेत. बापाने किंवा काकाने जाऊन विचारू नयेत. उत्तरं नीट मिळाली नाहीत तर दुसरं गोदाम बघू, पण बँकेची पुस्तकं तिच्यापुढे आपटायची नाहीत.

कालच तिचा फोन आला होता. "मोठी आजी, ठरलं का तुमचं?" म्हटलं, "ठरलं. आता तुझ्या आजीला तू समजाव, मी शेजारी बसते." बुधवारी संध्याकाळी जाणार आहोत. तुमच्यापैकी कुणाच्या घरची मुलगी अशा कामावर असेल तर तिचे अनुभव जरूर कळवा, चांगले-वाईट दोन्ही. बुधवारच्या आत कळवलेत तर फार बरं होईल.